लिबरऑफिसचं बगझिला: सोलापुरातून टाकलेली तक्रार डेव्हलपरच्या नजरेस पडते का?

लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की सोलापुरात साधारणपणे विंडोजच नव्याने टाकलं जातं, नाहीतर जुनी आवृत्ती परत आणून दिवस भागवला जातो. बिघाड जिथे नोंदवायचा ती जागा म्हणजे लिबरऑफिस चालवणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेचं बगझिला. ते वापरणारे फार थोडे. त्यातही एकदा तक्रार टाकून महिनाभर उत्तर न मिळालेले लोक 'तिकडे कोणी बघत नाही' म्हणून नाद सोडतात. लग्नपत्रिका करणारी डीटीपी दुकानं, पतसंस्थांची कार्यालयं, चादरी-टॉवेलची बिलं कॅल्कमध्ये (लिबरऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये) करणारे कारखाने यांना ही सेवा कितपत उपयोगी पडते, ते इथे पाहू.

मत आधीच सांगायचं तर सेवा फुकट आहे, उघड आहे आणि खरोखर चालते. पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण यासाठी की तपासणीचं अर्धं काम तक्रार करणाऱ्यानेच करायचं असतं, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला हे कळायला फार वेळ लागतो. ते अर्धं काम केलं तर तक्रार नेमक्या माणसापर्यंत जाते. नाही केलं तर वर्षानुवर्षं पडून राहते, मग बिघाड कितीही मोठा असो.

आधी ही यंत्रणा कशी चालते ते. बगझिला हे सॉफ्टवेअर मोझिलाच्या कामासाठी १९९८ मध्ये तयार झालं. लिबरऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालं, आणि २०१५ पासून त्याचं स्वतःचं बगझिला आहे. खातं उघडायला फक्त ई-मेल लागतो. तो पत्ता लॉगिन केलेल्या इतरांना दिसू शकतो, म्हणून दुकानाचा मुख्य पत्ता न देता वेगळा द्यावा. नोंदवलेली तक्रार सर्वांना दिसते, सर्च इंजिनलाही.

नवी तक्रार 'अनकन्फर्म्ड' या स्थितीत पडते. ती आधी वाचतात ते क्यूए म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या गटातले लोक: थोडे पगारी, बरेचसे स्वयंसेवक. डेव्हलपर या ढिगाऱ्यात सहसा उतरत नाहीत. क्यूएच्या माणसाला स्वतःच्या मशीनवर बिघाड दिसला की तो स्थिती 'न्यू' करतो, म्हणजे तक्रार मान्य झाली. काही कमी असेल तर 'नीडइन्फो' करून प्रश्न विचारतो. बहुतेक तक्रारी इथेच मरतात. नीडइन्फोमध्ये सहा महिने हालचाल नसेल तर आठवण येते, आणि आणखी एक महिना उत्तर नसेल तर 'पुरेशी माहिती नाही' म्हणून तक्रार बंद होते. उत्तर दिल्यावर स्थिती स्वतः 'अनकन्फर्म्ड'वर परत आणायची असते. नुसती कॉमेंट लिहून थांबलं तर तक्रार नीडइन्फोच्या यादीतच राहते आणि उत्तर दिलेलं असूनही बंद होण्याच्या वाटेला लागते. बगझिलाचे मेल स्पॅममध्ये जाणार नाहीत याची सोय पहिल्याच दिवशी करा.

फॉर्म भरण्यापूर्वी तीन खात्र्या करून घ्याव्यात. पहिली, ताजी आवृत्ती. लिबरऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येतात. २०२४ पासून आवृत्तीचा आकडा वर्ष-महिन्याचाच असतो, २४.२ किंवा २४.८ असा. दुकानात ६.४ चालत असेल आणि त्यावरून तक्रार केली, तर 'नवीन आवृत्तीत पाहून सांगा' हेच पहिलं उत्तर येणार. दुसरी खात्री सेफ मोडची. हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू केलं की प्रोफाइल (वापरणाऱ्याच्या सेटिंग्जचा साठा) आणि एक्स्टेन्शन (वरून जोडलेल्या सोयी) बाजूला ठेवून प्रोग्रॅम उघडतो. बिघाड तिथे गायब झाला तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे, आणि तिथूनच प्रोफाइल रीसेट करता येतं. फॉर्ममध्ये 'युजर प्रोफाइल रीसेट' अशी ओळ असते. तिथे खरं उत्तर द्या, 'नो' असलं तरी चालतं. तिसरी खात्री स्क्रीनवर अक्षरं फुटणं, काळे चौकोन येणं अशा बिघाडांसाठी. विंडोजवर लिबरऑफिस चित्र काढायला स्किया नावाचं ग्राफिक्स इंजिन वापरतं. ऑप्शन्समधल्या 'व्ह्यू' पानावर स्कियाला सॉफ्टवेअर रेंडरिंग सक्तीचं करून पाहा. त्याने अक्षरं नीट झाली तर संशय ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरवर जातो, आणि तक्रारीत नेमकं तेच लिहायचं.

फॉर्ममधली सगळ्यात जास्त चुकीची भरली जाणारी जागा म्हणजे 'व्हर्जन'. लोक तिथे स्वतःची आवृत्ती लिहितात. तिथे अपेक्षित असते ती बिघाड दिसणारी सर्वांत जुनी माहीत असलेली आवृत्ती. स्वतःच्या मशीनची पूर्ण माहिती 'अबाउट'च्या चौकटीतल्या कॉपी बटणाने उचलून खाली चिकटवावी. त्यात बिल्डचा (तयार प्रोग्रॅमच्या नेमक्या प्रतीचा) क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम, लोकॅल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग), स्किया चालू आहे की नाही हे सगळं येतं. हाताने टाइप करू नका, त्यात हमखास काहीतरी राहतं. 'सिव्हिअरिटी'मध्ये 'क्रिटिकल' निवडण्याचा मोह टाळा. क्यूए ती बदलतंच, आणि पत्रिका अर्जंट असणं हे बिघाड गंभीर असल्याचं कारण होत नाही.

शीर्षक इंग्रजीत लागतं, पण ते साधं असू द्या. 'मराठी फॉन्ट प्रॉब्लेम, प्लीज हेल्प' या शीर्षकातून शोधणाऱ्याला काही सापडत नाही. 'पीडीएफ एक्स्पोर्टमध्ये देवनागरी जोडाक्षर तुटतं, राईटरमध्ये बरोबर दिसतं, २४.२ पर्यंत ठीक होतं' एवढं इंग्रजीत आलं की घटक, लक्षण आणि काळ तिन्ही कळतात. एका तक्रारीत एकच बिघाड. पत्रिकेच्या एकाच फाईलमध्ये किनार सरकते, अक्षर तुटतं आणि छपाईला रंग बदलतो, तर तक्रारी तीन. एकत्र लिहिल्या तर यातला एक सुटल्यावर पूर्ण तक्रार बंद होते, किंवा तिन्ही बिघाडांना कोणीच हात लावत नाही.

आता फाईल. यावर पाहिजे तेवढा वेळ घालवा, कारण क्यूएचा माणूस ठरवतो ते इथेच. चाळीस पानांचा वार्षिक अहवाल जोडला तर तो उघडतोच असं नाही. फाईलची नक्कल करा, अर्धा मजकूर काढा, बिघाड राहतो का पाहा. राहिला तर उरलेल्यातला अर्धा काढा. गेला तर अनडू करून दुसरा अर्धा काढा. शेवटी एक परिच्छेद, एक टेबल किंवा एक ओळ उरते. ती जोडा, आणि 'फाईल उघडा, तिसऱ्या ओळीकडे पाहा' इतक्या छोट्या पायऱ्या लिहा.

जोडलेली फाईल उघड असते, आणि एकदा चढवली की स्वतःला काढून टाकता येत नाही. पत्रिकेत नावं, पत्ते, मोबाइल असतात. पतसंस्थेच्या पत्रात खातेक्रमांक असतात. सगळं बदलून 'अबक' करा. शिवाय फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखकाचं नाव राहतं, आणि बदलांची नोंद चालू असेल तर खोडलेला मजकूरही आत असतो. दोन्ही साफ करूनच चढवा. सरकारी कार्यालयातून आलेला डॉकएक्स नमुना लिबरऑफिसमध्ये विस्कटत असेल, तर मूळ डॉकएक्ससोबत वर्डमधून काढलेली पीडीएफ जोडा. बरोबर काय दिसायला हवं हे त्याशिवाय कोणाला ठरवता येत नाही.

मराठीच्या तक्रारी वेगळ्या का अडतात

'बरोबर काय' हा प्रश्न मराठीत आणखी अवघड होतो. तक्रार उघडणारा माणूस जर्मनीत, हंगेरीत नाहीतर ब्राझीलमध्ये बसलेला असू शकतो. त्याला देवनागरी वाचता येत नाही. 'दऱ्या' हा शब्द चुकीचा दिसतोय असं लिहून स्क्रीनशॉट लावला, तर त्याला दोन नक्ष्या दिसतात, चूक दिसत नाही. म्हणून दोन चित्रं शेजारी शेजारी लावा, एकावर 'राँग', दुसऱ्यावर 'एक्स्पेक्टेड' असं लिहा, आणि फरकाच्या जागी लाल वर्तुळ काढा. बरोबर चित्र फायरफॉक्समध्ये तोच मजकूर त्याच फॉन्टमध्ये लावून मिळतं.

चित्राइतकेच युनिकोडचे कोड महत्त्वाचे. राईटरमध्ये अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबलं की अक्षराच्या जागी कोड दिसतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतं: ०९३१, ०९४डी, ०९२एफ असा क्रम, किंवा ०९३० आणि ०९४डी यांच्यानंतर २००डी हा न दिसणारा जोडक आणि मग ०९२एफ. दोन्ही दिसायला सारखे. शोध-बदल करताना मात्र एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. 'सर्च बिघडलंय' ही तक्रार अनेकदा इथूनच उगवते, आणि कोड लिहिलेले असतील तर गैरसमज एका मिनिटात मिटतो. 'ॲ' हे अक्षर ०९७२ या कोडवर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या फॉन्टात ते नसतं आणि दुसऱ्याच फॉन्टमधून उसनं येतं. तेव्हा 'ॲडव्होकेट'चं पहिलं अक्षर जाड-बारीक दिसलं तर आधी फॉन्ट पाहा.

'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे दिसतात, हीसुद्धा नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. लिबरऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा हिंदी राहिलेली असते. ती मराठी करा आणि आधीच लिहिलेल्या मजकुरालाही कॅरेक्टरच्या चौकटीतून मराठी भाषा लावा. फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असेल तर अक्षरं लगेच बदलतात. बदलली नाहीत तर तक्रार फॉन्टवाल्यांकडे न्यायची.

ही वाटणी आधी करणं फार फायद्याचं आहे. लिबरऑफिस ५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, सगळ्या सिस्टिमवर अक्षरांची जुळणी हार्फबझ हे इंजिन करतं, आणि फायरफॉक्समध्येही तेच आहे. त्यामुळे कसोटी सोपी आहे. एका फॉन्टमध्ये लिबरऑफिस आणि फायरफॉक्स दोन्हीकडे चुकतं, दुसऱ्या फॉन्टमध्ये दोन्हीकडे बरोबर येतं, तर दोष फॉन्टचा. नोटो आणि मुक्ता या दोन्ही देवनागरी फॉन्टांचे प्रकल्प गिटहब या सोर्सकोडच्या संकेतस्थळावर आहेत, तिथे इश्यू (तक्रार) उघडायचा. फक्त लिबरऑफिसमध्ये चुकतं, तर बगझिला. सगळ्या फॉन्टांत सगळीकडे चुकतं, असं क्वचित होतं. तेव्हा हार्फबझच्या सोबत मिळणाऱ्या एचबी-शेप या छोट्या साधनात तोच मजकूर आणि तोच फॉन्ट घालून आलेलं उत्तर तक्रारीत चिकटवा. हार्फबझच्या लोकांना याहून जास्त काही लागत नाही. अक्षराखाली तुटक रेषेचं गोल वर्तुळ येत असेल, तर बहुधा टाइप करण्याचा क्रम चुकलाय: काना-मात्रा अक्षराआधी पडला आहे किंवा दोनदा पडला आहे.

सोलापूरच्या दुकानांसाठी यातली सगळ्यात मोठी अडचण जुन्या फॉन्टांची आहे. श्री-लिपी किंवा आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधून जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर युनिकोड नसतो. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. अशी फाईल जोडली तर समोरच्याकडे तो फॉन्ट नसल्याने त्याला निरर्थक इंग्रजी दिसतं आणि तक्रार 'नॉट अ बग' म्हणून बंद होते. त्याचा त्यात दोष नाही. बिघाड खरा असेल तर तो युनिकोड मजकुरात, नोटो किंवा मुक्तासारख्या मोफत फॉन्टमध्ये घडवून दाखवा. फाईलमध्ये फॉन्ट एम्बेड करण्याची सोय प्रॉपर्टीजमध्ये आहे, पण विकत घेतलेला फॉन्ट असा उघड्यावर चढवणं परवान्यात बसत नाही.

इथल्या कामात एक जमेची बाजूही आहे. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच पत्रिकेत येणं सोलापुरात रोजचं आहे. तीन लिप्यांच्या ओळीत शब्द तुटणं, ओळीची उंची बदलणं, फॉन्ट आपोआप बदलणं असे बिघाड युरोपातल्या तपासनिसाच्या डोळ्यांसमोर कधी येतच नाहीत. असा एक परिच्छेद, प्रत्येक लिपीला मोफत फॉन्ट लावून, तक्रारीला जोडला तर तो पुढे कायमचा नमुना म्हणून वापरता येतो. कॅल्कमधल्या लाख-कोटींच्या स्वल्पविरामांचंही तेच. १२,३४,५६७ हेच बरोबर आहे आणि १,२३४,५६७ इथे चालत नाही, हे 'एक्स्पेक्टेड रिझल्ट'मध्ये लिहावंच लागतं.

बिघाड कुठून सुरू झाला

तक्रार 'न्यू' झाली म्हणजे ती मान्य झाली, कोणी हातात घेतली असं नाही. मान्य झालेल्या हजारो तक्रारींतून एखाद्या डेव्हलपरला तुमची दिसावी याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ती 'रिग्रेशन' आहे हे दाखवणं: आधी चालत होतं, अमुक बदलानंतर बिघडलं. तो बदल सापडला की त्याच्यासोबत तो करणाऱ्याचं नावही सापडतं. क्यूए त्या माणसाला तक्रारीच्या सीसीमध्ये (मेल जाणाऱ्यांच्या यादीत) जोडतं. इतका वेळ सगळ्यांची असलेली तक्रार आता एका माणसाच्या मेलबॉक्समध्ये जाते, आणि आपण केलेल्या बदलाने काही मोडलं हे बहुतेकांना लागतं.

सुरुवात जुन्या आवृत्त्यांपासून करायची. फाउंडेशनच्या डाउनलोड संग्रहात जुन्या सगळ्या आवृत्त्या मिळतात. विंडोजवर एमएसआय फाईल नेहमीसारखी इन्स्टॉल केली तर चालू आवृत्ती पुसली जाते. त्याऐवजी एमएसआयएक्झेक या कमांडला स्लॅश-ए हा पर्याय देऊन ती वेगळ्या फोल्डरमध्ये नुसती उलगडून घ्या. मग त्या फोल्डरमधल्या 'प्रोग्रॅम'मध्ये 'बूटस्ट्रॅप' नावाची आयएनआय फाईल असते. तिच्यातली 'युजरइन्स्टॉलेशन'ची ओळ बदलून प्रोफाइल त्याच फोल्डरमध्ये वळवा. हे विसरलात तर जुनी आवृत्ती रोजच्या कामाच्या प्रोफाइलवर चालते आणि दोन्हीचा घोळ होतो. अशा चार-पाच आवृत्त्या तपासल्या की 'ठीक' आणि 'बिघडलेली' यांच्यातलं अंतर एका आवृत्तीवर येतं. २०११ च्या ३.३ मध्येही बिघाड असेल तर व्हर्जनच्या जागी 'इनहेरिटेड फ्रॉम ओओओ' निवडा. असा बिघाड ओपनऑफिसपासूनचा आहे, आणि तो लवकर सुटेल ही आशा कमीच ठेवा, कारण विचारायला माणूसच उरलेला नसतो.

पुढची पायरी बायबायसेक्ट, म्हणजे तयार बिल्ड अर्धी-अर्धी तपासत बिघडवणारा बदल शोधणं. प्रत्येक मोठ्या आवृत्तीच्या काळात झालेले बदल एकेक करून आधीच बांधून एका गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) भांडारात ठेवलेले असतात. काही कंपाइल करावं लागत नाही. जेकार्ड मागावर नक्षीचं कार्ड चुकीचं बसलं की तिथून पुढची सगळी नक्षी चुकते, आणि थान मधोमध उलगडून पाहिलं तर चूक आधीच्या अर्ध्यात सुरू झाली की नंतरच्या, ते कळतं. इथेही तसंच. हजार बिल्ड असतील तर दहा वेळा उघडून पाहिलं की एकच उरतं.

भांडार क्लोन करा, म्हणजे स्वतःच्या मशीनवर उतरवून घ्या. मग 'ओल्डेस्ट' हा टॅग चेकआउट करून (म्हणजे ती प्रत समोर आणून) 'इन्स्टडिर'च्या आतला एसऑफिस चालवा: बिघाड दिसायला नको. 'मास्टर' चेकआउट करून चालवा: दिसायला हवा. ओल्डेस्टमध्येही दिसला तर आधीच्या आवृत्तीचं भांडार घ्या, इथे पुढे जाण्यात अर्थ नाही. दोन्ही जुळलं की गिट बायसेक्ट स्टार्ट, मग मास्टर, मग ओल्डेस्ट. गिट मधलं बिल्ड समोर आणतं. फाईल उघडा, पाहा, 'गुड' किंवा 'बॅड' सांगा. बिल्ड सुरूच होत नसेल तर 'स्किप'. अंदाजाने 'गुड' सांगू नका, एका चुकीच्या उत्तराने शेवटचा बदल भलताच निघतो आणि एका निर्दोष माणसाला मेल जातो. प्रोग्रॅम पूर्ण बंद करूनच पुढे जा. विंडोजवर एसऑफिसची प्रक्रिया मागे चालू राहिली तर फाईली बदलत नाहीत, आणि तुम्ही जुनंच बिल्ड पुन्हा तपासत बसता. शेवटी येणाऱ्या संदेशात मूळ सोर्सच्या बदलाचा लांबलचक हॅश (ओळखक्रमांक) असतो. तो पूर्ण संदेश तक्रारीत चिकटवा आणि कीवर्डमध्ये 'रिग्रेशन', 'बायबायसेक्टेड' आणि 'बायसेक्टेड' टाका.

अडचण आकाराची आहे. ही भांडारं कित्येक जीबींची असतात, आणि गिट क्लोन मध्ये तुटलं तर राहिलेल्या जागेपासून पुढे चालू होत नाही. मोबाइल डेटावर हा खटाटोप करू नये. फायबर कनेक्शनवर रात्री लावावं, नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये. माझ्या मते सोलापुरात हे काम जोडीने करण्यासारखं आहे. बिघाड डीटीपी ऑपरेटरला सापडतात, त्याला गिट येत नाही. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्याला गिट येतं, पण ऱ्य तुटलेली पत्रिका त्याच्यासमोर कधी येत नाही. एका सत्रात चार बायसेक्ट केलेल्या तक्रारी हा कोणत्याही मिनी-प्रोजेक्टपेक्षा जास्त खरा अनुभव आहे, आणि त्याची नोंद कायम उघड राहते. स्वतः बायसेक्ट जमत नसेल तर 'बायबायसेक्टरिक्वेस्ट' हा कीवर्ड टाकून ठेवा. क्यूएतलं कोणीतरी करतं, पण रांगेत थांबावं लागतं.

थांबण्याच्या काळात काय करावं? शक्यतो कमीच. 'मलाही हाच त्रास आहे' ही कॉमेंट सीसीतल्या प्रत्येकाला मेल पाठवते आणि नवीन काही सांगत नाही. त्रास असेल तर स्वतःला सीसीमध्ये घाला, सीसी आणि डुप्लिकेटची संख्या पाहून क्यूए प्राधान्य वाढवतं. तुमची तक्रार डुप्लिकेट ठरली तर वाईट वाटून घेऊ नका, मूळ तक्रारीचं वजन त्याने वाढतं. तुमची फाईल जास्त सोपी असेल तर ती मूळ तक्रारीत नेऊन जोडा. रागाच्या लांब कॉमेंटनी भरलेल्या तक्रारीत डेव्हलपर शिरत नाही, कारण तिथे काम करण्याआधी वीस मिनिटं भांडण वाचावं लागतं. डेव्हलपरच्या खासगी पत्त्यावर मेल पाठवणं तर नकोच. वर्षभर हात न लागलेल्या तक्रारींवर 'अजून बिघाड आहे का ते पुन्हा तपासा' असा आपोआप संदेश येतो. तो वैताग वाटला तरी संधी आहे: ताज्या आवृत्तीत पाहून, अबाउटची माहिती चिकटवून, एक ओळ लिहा. बंद झालेला जुना बिघाड काही आवृत्त्यांनंतर परत आला तर जुनी तक्रार उघडू नका. नवी टाका आणि 'सी ऑल्सो'मध्ये जुनीचा क्रमांक द्या.

इतर ठिकाणांशी तुलना करायची तर केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचं बगझिला जास्त घाईचं आहे, माहिती मागितल्यावर महिनाभरात उत्तर नसेल तर तक्रार बंद. उबुंटू लिनक्सच्या लाँचपॅड या तक्रारींच्या जागी 'इन्कम्प्लीट' तक्रार ६० दिवसांनी संपते, आणि तिथे टाकलेली लिबरऑफिसची तक्रार मूळ डेव्हलपरपर्यंत जाईलच असं नाही. उबुंटूच्या पॅकेजऐवजी फाउंडेशनचं पॅकेज टाकून बिघाड दाखवलात तर थेट इकडे नोंदवा. इंकस्केप या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅमची नवी तक्रार गिटलॅबवरच्या 'इनबॉक्स' या वेगळ्या प्रकल्पात टाकायची असते, मुख्य प्रकल्पात नाही. ही पद्धत मला आवडते, तपासलेलं आणि न तपासलेलं सरळ वेगळं राहतं. स्क्रायबस हे पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर मँटिस ही बगझिलासारखी यंत्रणा वापरतं. तिथे १.४ वरून देवनागरीची तक्रार करण्यात काही अर्थ नाही, कारण जोडाक्षरांची व्यवस्था १.५.३ मध्ये आली आणि १.६ ही स्थिर आवृत्ती २०२४ पासून मिळते. फायरफॉक्सकडे मोझरिग्रेशन नावाचं साधन आहे, ते लागतील तेवढीच बिल्ड उतरवतं. बायबायसेक्टच्या अवजड भांडारांपुढे ते फारच सुटसुटीत आहे. लिबरऑफिसकडे असं हलकं साधन असतं तर तो कापलेला गुण मी परत दिला असता.

ज्या कारखान्याचं काम एखाद्या बिघाडाने रोज अडतं, त्याने लिबरऑफिसवर काम करणाऱ्या कोलाबोरासारख्या कंपनीकडून पैसे देऊन दुरुस्ती करून घ्यावी. तोही रीतसर मार्ग आहे, आणि दुरुस्ती सगळ्यांना मिळते. एखाद-दुसऱ्या संगणकाच्या दुकानाला मात्र तो परवडण्यासारखा नाही.

दुरुस्ती झाली की तक्रारीत आपोआप संदेश येतो: कोणत्या आवृत्तीत येणार ते, आणि एक-दोन दिवसांत ती डेली बिल्डमध्ये (रोज तयार होणाऱ्या चाचणी प्रतीत) मिळेल असं. 'व्हाइटबोर्ड' या रकान्यात 'टार्गेट' आणि आवृत्ती दिसते. तिथे एकच मोठी आवृत्ती असेल तर फेब्रुवारी किंवा ऑगस्टपर्यंत थांबणं आलं. दुसरी छोटी आवृत्तीही असेल तर ती दुरुस्ती चालू मालिकेत येणार आहे. डेली बिल्ड स्वतःचं प्रोफाइल वापरतं, त्यामुळे कामाच्या लिबरऑफिसला धक्का न लावता ते शेजारी टाकता येतं. स्वतःची फाईल उघडून पाहा, नीट असेल तर स्थिती 'व्हेरिफाइड' करा आणि कोणत्या बिल्डवर पाहिलं ते लिहा. पुढच्या वेळी तुमचं नाव दिसलं की क्यूए तक्रार लवकर उघडतं. काही अडलं तर क्यूएची चॅट लिबेरा चॅट या गप्पांच्या नेटवर्कवर आहे. युरोपातले लोक तिथे आपल्याकडच्या दुपारी एक-दीडपासून दिसू लागतात. प्रश्न तक्रारीच्या क्रमांकासकट टाकावा आणि विंडो उघडी ठेवावी, उत्तर तासाभरानेही येतं.